शिक्षण-तंत्रज्ञानाच्या परिषदेला गेल्याने मराठी शाळेतील शिक्षकाला काही उपयोग होतो का?

होतो, मात्र तो भाषणांपेक्षा स्टॉलवर उभे राहून विचारलेल्या प्रश्नांतून अधिक होतो, असे माझे मत आहे. मी ठाण्यात प्राथमिक वर्गांना मराठी शिकवते आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात भरलेल्या अशा एका परिषदेला अलीकडेच जाऊन आले.

एका स्टॉलवर मुलांचे वाचन ऐकून गुण देणारे ॲप होते. मी दुसरीतील मूल वाचते तसा उतारा वाचून दाखवला. म्हणजे जोडाक्षरापाशी अडखळले, शब्द चुकीचा वाचला आणि लगेच मागे येऊन तो सुधारला. ॲपने ते अडखळणेही चूक धरले आणि पुन्हा वाचलेला शब्दही जादाचा ठरवला. वास्तविक, स्वतःची चूक स्वतः पकडणारे मूल अर्थाकडे लक्ष देऊन वाचत असते, आणि प्रकट वाचन तपासताना अशी सुधारणा बरोबर धरावी असाच संकेत आहे. हे मी तेथील तरुणाला सांगितले तेव्हा त्याने ते मनापासून ऐकून लिहून घेतले; शिक्षकांनी तेथे जायला हवे ते याचसाठी.

दुसरा प्रश्न मुलांच्या आवाजाचा. ही ध्वनिमुद्रणे कोठे साठवली जातात आणि केव्हा पुसली जातात, हे अवश्य विचारावे, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांना लक्ष्य करून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे.

खरेदीची घाई मात्र करू नये. २०१७ पासून सुरू असलेल्या दीक्षा या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील साहित्य विनामूल्य आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमधून ते उघडता येते. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने आधी आपल्या वर्गासाठी केला होता. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर मात्र वर्गात रोज शिकवणारी माणसे मला फारच कमी दिसली, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा जाताना आपल्याच वर्गातील एखादा उतारा बरोबर न्यावा, आणि ॲप दाखवणाऱ्याला आधी फोनचे नेट बंद करायला सांगावे, म्हणजे ते नेटशिवाय चालते का हे कळेल.