तुमचे प्रश्न : भिंतीवरचे मातीचे रंग

प्रश्न : साडेसहा फुटी सोफ्याच्या मागे मातकट रंगांच्या तीन चित्रांचा संच लावला. प्रत्येक पॅनल 12 बाय 18 इंच, मध्ये सहा-सहा इंच मोकळे. दुकानात छान वाटला, घरी मात्र तीन टपाल तिकिटं डकवल्यासारखी दिसतात. संध्याकाळी रंगही मरगळलेले वाटतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी अंतराचं बघू. सहा इंच सोडले की डोळा तीन वेगळी चित्रं मोजत बसतो. दीड-दोन इंचच ठेवले की तिन्ही मिळून एक चित्र होतं. पण तसं केल्यावर तुमचा संच 40 इंचांचा होईल आणि 78 इंची सोफ्यावर निम्माच पडेल. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश ते पाऊण, म्हणजे तुमच्याकडे 52 ते 58 इंच, एवढी रुंदी हवी. त्याच मालिकेतलं चौथं पॅनल मिळालं तर 54 इंच होतात, काम झालं. एकच दृश्य तीन तुकड्यांत कापलेलं असेल तर मात्र चौथं जोडता येत नाही. मग हा संच पाच फुटी पलंगाच्या डोक्याशी न्या, तिथे 40 इंच नेमके बसतील. सोफ्यासाठी 16 बाय 24 ची तीन घ्या.

खालची कड सोफ्याच्या पाठीपासून 6 ते 8 इंच वर असू द्या. बहुतेक घरांत चित्रं छताच्या जवळ जातात आणि खालच्या सामानाशी त्यांचा संबंधच तुटतो.

टांगताना वर्तमानपत्राचे पॅनलएवढे कागद कापा. प्रत्येक पॅनलमागची तार दोन खिळ्यांवर असल्यासारखी दोन बोटांनी वर ताणा, चौकटीच्या वरच्या कडेपासून ती किती खाली येते ते मोजा आणि तिथेच कागदावर दोन्ही खुणा करा. हे माप तिन्हींचं सारखं नसतं, गडबड होते ती इथेच. कागद भिंतीवर चिकटवून पाणसळीने ओळ धरा. जमिनीपासून मोजू नका, फरशीला उतार असू शकतो. प्रत्येक पॅनलला दोन आधार द्या. एका खिळ्यावरचं चित्र दार आपटलं तरी तिरकं होतं, आणि तीन चित्रांत एक जरी तिरकं असलं तरी नजर तिथेच अडकते.

भोक पाडताना प्लास्टरनंतरची भुकटी बघा. लाल आली तर वीट. 6 मिमीची प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी) पुरते. ड्रिल पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट आहे, हातोडीवालं ड्रिल लागेल. मऊ, राखाडी भुकटी भसाभस आली तर हलके ब्लॉक आहेत. तिथे हातोडीचा झटका बंद ठेवा, नाहीतर भोक फाकतं आणि गिट्टी फिरत राहते. अशा ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी वापरा.

संध्याकाळच्या मरगळीचं कारण बहुधा दिवा. 6500 केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर) पांढऱ्या ट्यूबखाली गेरू तपकिरी आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती, हिरवट दिसते. चित्रांवर पडणारा दिवा 2700 ते 3000 केल्विनचा लावून बघा. निळसर पांढरी भिंतही हे रंग मारते. पुढच्या रंगकामात पिवळट झाक असलेला पांढरा निवडा.

प्रश्न : पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला, मागे पांढरी बुरशी आली. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळत नाही. चित्र उतरवून घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कोरड्या ब्रशने बुरशी झाडा आणि सावलीत वाळवा. उन्हात छपाई उडते. चौकटीच्या कोपऱ्यांना खाचा असतील तर तिथल्या लाकडी पाचरी हलक्या ठोका, कापड ताणलं जाईल. खाचा नसतील तर कापड काढून पुन्हा ताणून घेण्यावाचून इलाज नाही. परत लावताना चारही कोपऱ्यांमागे अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे चिकटवा. भिंतच ओल धरत असेल तर चित्र आतल्या भिंतीवर हलवा.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, सहा भोकं पाडू देणार नाहीत. चिकटपट्टीने रंगासकट चित्र खाली आलं. (वाचक, पुणे)

उत्तर : डिस्टेंपरवर चिकटपट्टीचा भरवसा नाही, पट्टी रंगाला धरते, रंग भिंतीला धरत नाही. दोन भोकांची परवानगी मागा, त्यावर चार फुटी लाकडी पट्टी बसवा आणि तिन्ही पॅनल तिला दोरीने टांगा. तेही नको असेल तर बुटक्या कपाटावर भिंतीला टेकून ठेवा, खाली रबराची पट्टी घाला म्हणजे घसरणार नाहीत.

प्रश्न : असे पॅनल घरी करता येतील का? (वाचक, पणजी)

उत्तर : येतील, आणि बाजारातल्या चकचकीत छपाईपेक्षा सरस होतील. 6 मिमी प्लायवुडचा 24 बाय 48 इंचांचा तुकडा घ्या, त्यात 16 इंची तीन पॅनल निघतात (करवतीमुळे किंचित कमी). मागे एक इंची पट्ट्यांची चौकट डिंकाने आणि बारीक खिळ्यांनी बसवा. प्रायमर पुढे-मागे दोन्हीकडे लावा. फक्त पुढे लावलात तर उघडी बाजू दमटपणा पिते आणि पॅनलला बाक येतो.

100 ग्रॅम गेरू मलमलीतून चाळून रात्रभर पाण्यात भिजवा, वरचं पाणी ओता आणि गाळात दोन-तीन मोठे चमचे लाकडाचा पांढरा डिंक थोड्या पाण्यात कालवून मिसळा. पिवडीचंही तसंच. आधी प्लायच्या कपच्यावर लावून, पूर्ण वाळल्यावर बोट घासा. बोट लाल झालं तर डिंक कमी, चमक आली तर जास्त. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर उजळतो, म्हणून ओल्यावर छटा ठरवू नका. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर द्या, जाड थराला भेगा जातात.

रंग मोजके ठेवा. तुमच्याकडच्या जुन्या देवळांतलं कावीकाम आठवा : पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर, तो खरवडून नक्षी, दोनच रंग. तिन्ही पॅनल गेरूने भरलीत तर भिंत अंगावर येते. एक गेरूचं, एक पिवडीचं, आणि तिसरं बरंचसं पांढरट, त्यात गेरूची एखादी आडवी रेघ. ती रेघ तिन्ही पॅनलांवर एकाच उंचीवर यायला हवी, तेव्हा पॅनल दोन इंचांच्या अंतराने जमिनीवर मांडूनच आखा. शेवटी मॅट वॉर्निश. चकचकीत लावलंत तर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब तेवढं दिसेल.