आजोबांचं जुनं एचएमटी जनता घड्याळ सापडलंय, बंद आहे, विकलं तर किती येतील आणि सर्व्हिसिंग करावं का?

आधी एक करा, चावी जोरजोरात फिरवून चालू करायला जाऊ नका, आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं आणि तसंच कोरडं चालवलं की पार्ट झिजतात. किमतीचं म्हणाल तर जनता प्रचंड संख्येने विकलं गेलं त्यामुळे लाखबिख विसरा, पण डायल ओरिजिनल असेल तर शौकीन लोक बरे पैसे देतात. अक्षरं जाडसर, फिस्कटलेली किंवा रंग अगदी चकाचक नवा दिसला तर बहुतेक डायल रिपेंट केलीय, बाजारात असला माल भरपूर आहे. म्हणून डायल पिवळी पडली असली तरी रंगवून घेऊ नका हो, तिथेच किंमत जाते! काच मात्र अ‍ॅक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिशने जातात.

सर्व्हिसिंग जरूर करा, पण जुन्या चावीच्या घड्याळांचं काम येणाऱ्या कारागिराकडेच, जो मशीन पूर्ण खोलून, धुऊन परत ऑइलिंग करतो, नुसता पेट्रोलचा थेंब सोडणारा नको. १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे आतले बारीक खडे) साधं मशीन आहे, कंपनीचं घड्याळ युनिट बंद झालं तरी पार्ट मिळतात. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या. आणि पाण्यापासून लांब ठेवा.

मी तरी विकलं नसतं.