1939 चा कलदार आणि सुटणारी एफडी

प्रश्न : वय 63, नाशिकरोडला राहतो, पेन्शन आहे. पुढच्या महिन्यात पाच लाखांची एफडी सुटते आहे. तिच्याशिवाय बचत खात्यात दीड लाख. वडिलांच्या डब्यात काही राणीछाप रुपये सापडले आणि नाण्यांचा नाद लागला. एका ऑनलाइन लिलावात एकाच विक्रेत्याची तीन नाणी हेरली आहेत : 1939 चा सहाव्या जॉर्जचा कलदार, म्हणजे चांदीचा रुपया, 1911 चा ‘डुक्कर छाप’ रुपया आणि 1818 चा रामदरबाराचा आणा. मुलगा म्हणतो, एफडीपेक्षा जास्त सुटतील. चार लाख घालू का?

उत्तर : चार लाख नको. चाळीस हजारांपर्यंत जा, तेही वर्षभरात थोडे थोडे करून. आणि ते छंदाचा खर्च म्हणून धरा, गुंतवणूक म्हणून नाही.

1818 चा आणा आधी निकालात काढू. ईस्ट इंडिया कंपनीने त्या साली राम-सीता किंवा हनुमान असलेलं चलनी नाणं काढलेलंच नाही. ही नंतर कुणीतरी पाडलेली टोकनं. देव्हाऱ्यात ठेवायला हवं तर पूजेच्या सामानाच्या भावात घ्या. पण मला खटकतं ते वेगळंच. हे टोकन ‘दुर्मीळ’ म्हणून विकणाऱ्याकडून बाकीची दोन नाणी तुम्ही घेणार आहात. तो एकतर अडाणी आहे किंवा लबाड, आणि दोन्हीकडे पैसे तुमचेच जाणार.

1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि 1912 पासून सोंड लांब केली. म्हणून भिंगाखाली झगाच बघा. साल 1911 आणि हत्तीची सोंड लांब, तर तिथेच विषय संपला.

खरा पेच 1939 चा. 1862 ते 1939 या काळातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. म्हणजे नाण्यात शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर. आजच्या भावाने गुणून पाहा. त्यावरचा प्रत्येक रुपया तुम्ही ‘1939’ या चार आकड्यांसाठी, म्हणजे त्या सालाच्या दुर्मीळपणासाठी मोजता आहात, आणि घोडं इथेच पेंड खातं.

धातूचं बनावट घरी पकडता येतं. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. नाणं 11.66 च्या जवळ भरलं की काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, मग दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा 1.13 च्या आसपास थांबला तर घनता या मिश्रणाची. जर्मन सिल्व्हरचं (नावात चांदी, धातूत नाही) तेवढ्याच वजनाचं नाणं 1.3 च्या वर जातं. ओतीव नाण्यावर बारीक खड्डे, बोथट अक्षरं आणि कडेला सांध्याची रेघ दिसते. वेगवेगळ्या लॉटमधल्या दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली.

पण 1938 च्या अस्सल रुपयावरचा 8 कोरून 9 केला असेल तर? चांदी खरी, वजन बरोबर, नादही खणखणीत. सराफ बाजारातलं टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायचं मशीनही पास करेल, कारण ते धातू सांगतं, साल नाही. तिथे शेवटच्या आकड्याचा मोठा फोटो लागतो, तिरप्या उजेडात काढलेला. आकड्याभोवतीची जागा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी, घासल्यासारखी दिसते का ते बघायचं. विक्रेत्याकडे तो फोटो, कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर बोली लावू नका.

नाणं ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीच्या, प्लास्टिक डबीत असेल तर डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो नाण्याशी जुळवा. डब्याही नकली येतात.

आता मुलाच्या म्हणण्याकडे. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. लिलावगृहाचं कमिशन, त्यावर जीएसटी, कुरिअर वर येतं. विकताना पुन्हा कमिशन, आणि व्यापारी घ्यायच्या नि द्यायच्या भावात अंतर ठेवतोच. नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्यावर 12.5 टक्के. एफडी तुम्हाला दर तिमाहीला पैसे देऊ शकते, नाणं फक्त पुढचा शौकीन मिळाला तर. दवाखान्याची वेळ आली तर पंधरा दिवसांत तो शौकीन कुठून आणणार?

सुटलेल्या रकमेतले साडेचार लाख मी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवेन. मुदत पाच वर्षं, तीस लाखांची मर्यादा तुमच्यापासून दूर आहे. दहा हजार दीड लाखांच्या जोडीला बचत खात्यात राहू द्या.

आणि उरलेल्या चाळीस हजारांना हात लावण्याआधी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला जाऊन या. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिककरांना हे बाहेरच्या माणसाने सांगावं लागतं, याची मला मौज वाटते. 1906 साली आपल्याच जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. खरा ठसा कसा उमटतो, ते फोटोंपेक्षा असं नाणं समोर बघून लवकर कळतं.

1939 चा रुपया मनातून जात नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे बघा. नाणं बनावट ठरलं तर पूर्ण पैसे परत, हे ज्या लिलावगृहाच्या अटींत लेखी आहे तिथेच. ‘जसं आहे तसं’ या अटीवर अजिबात नाही. पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर टाकू नका. वडिलांचे राणीछाप विकत घेतो म्हणून फोन आला आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागितलं, तर ती फसवणूक. खुद्द रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये तसा इशारा दिला आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

ते राणीछाप पितांबरीने घासू नका. काळपट आहेत तसेच अंजनेरीला घेऊन जा.