पेडल अडकतंय, काय करू?

प्रश्न : माझ्याकडे जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, अॅक्सिलरेटर केबलवाली. सकाळी अॅक्सिलरेटर सुरुवातीला जाम असतो, जोर दिला की टकदिशी सुटतो आणि गाडी उडी मारते. परवा तर वर्धा रोडवर पाय काढला तरी रेस उतरेना! मेकॅनिक म्हणतो केबलमध्ये तेल टाकून पाहू. टाकू का?

उत्तर : भाऊ, आधी गाडी चालवणं बंद करा, तेलाचं नंतर पाहू. इंजिन बंद ठेवून पहिले पायाखालची मॅट बघा, हसू नका, बरेचदा तीच पेडलवर चढून बसलेली असते. मग थ्रॉटल बॉडीकडची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाकडची केबल काढा आणि बटरफ्लाय (आतली फिरणारी गोल झडप) हातानं फिरवा. तिथंच अडकली तर कार्बन जमलाय, थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन कडा पुसायच्या, खरवडायचं नाही. ती मोकळी फिरतेय पण पेडल जड, तर केबल नाहीतर पेडलची पिन, आणि आपल्या नागपूरच्या धुळीत केबलमध्ये तेल म्हणजे चिखलच, शिवाय आत नायलॉनचं अस्तर असेल तर तेल लागतच नाही, केबलची एखादी तार तुटलेली दिसली की सरळ नवीन टाका. पाय काढल्यावर झडप परत बंद करणारी रिटर्न स्प्रिंगही बघून घ्या, ढिली असेल तर बदला.

आणि चालत्या गाडीत रेस अडकलीच तर ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलला घ्या, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, चावी गाडी थांबल्यावरच फिरवा, आधी पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग लॉक व्हायचं.