ओपस २५ची मॅट्रिक्स जुळत नाही? आधी पट्टी बघा

संगीतकार शोनबर्गच्या पियानो सुइटची (ओपस २५) मॅट्रिक्स, म्हणजे बारा सुरांच्या ओळीच्या रूपांचा तक्ता, पुस्तकाशी जुळत नाही, म्हणून ओळच, म्हणजे त्या सुरांचा ठरलेला क्रमच, चुकली असं तुम्हाला वाटतंय. ओळ बरोबर आहे: ई, एफ, जी, डी फ्लॅट, जी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी, बी, सी, ए, बी फ्लॅट. फरक फक्त नावांचा. तुम्ही सी म्हणजे ० धरलंत, त्यामुळे ही ओळ पी-४ झाली (पी म्हणजे मूळ रूप, ४ म्हणजे तिचा पहिला सूर ई). पुस्तकाने हिलाच पी-० म्हटलंय. पेटीवर साथ करणाऱ्याला हे चटकन कळेल: एक जण पट्ट्यांची नावं सांगतोय, दुसरा गायकाचा सा धरून मोजतोय. रेट्रोग्रेडचा, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलेल्या ओळीचा, आकडा तर कोणी मूळ ओळीवरून देतं, कोणी उलट्या ओळीच्या पहिल्या सुरावरून.

याच गोष्टीपायी माझं एक अख्खं सत्र वाया गेलं. संस्थेचं नाव घेत नाही. तपासणाऱ्यांकडे उत्तराचा एकच छापील तक्ता, त्याच्याशी आकडे जुळले नाहीत की गुण कापले. अभ्यासक्रमात कुठली पद्धत धरायची हे लिहिलेलंच नव्हतं. फेरतपासणीच्या अर्जावर ‘गुण योग्य आहेत’ एवढंच उत्तर आलं. परीक्षा विभाग शिक्षकांकडे पाठवायचा, शिक्षक परत विभागाकडे. आजही संताप येतो, कारण अशाने मुलं स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणं सोडतात.

म्हणून पहिल्याच ओळीत ‘सी = ०’ असं ठळक लिहा. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील तर ते आधी लेखी मागून घ्या.

आणि माझ्या मते ओळीची सगळी ४८ रूपं (मूळ, आरशातली आणि दोघींची रेट्रोग्रेड, प्रत्येक बारा सुरांवर) लिहीत बसू नका. या सुइटमध्ये चारच रूपं आणि त्यांची रेट्रोग्रेड आहेत. सगळी ई किंवा बी फ्लॅटवर सुरू होतात आणि त्या दोनांतल्या उरलेल्या सुरावर संपतात. मूळ चारांत जी आणि डी फ्लॅट कायम तिसऱ्या-चौथ्या जागी, म्हणून तो ट्रायटोन (सहा अर्धस्वरांचं अंतर) सतत कानावर येतो. प्रेल्यूडच्या, म्हणजे सुइटच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीला डाव्या हातात ओळीचा दुसरा आणि तिसरा चौकडा (चार-चार सुरांचा गट) एकत्र वाजतो. तिथे एक ते बारा सरळ मोजता येणारच नाही.

व्हायोलिनवादक कोलिशने शोनबर्गच्याच तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटची ओळ शोधून काढली, तेव्हा १९३२ साली खुद्द शोनबर्गने त्याला पत्रातून सांगितलं होतं की अशा मोजणीतून रचना कशी केली ते कळतं, ती काय आहे ते नाही.

जाता जाता: पुढे संगीतकार वेबर्नची सिंफनी, ओपस २१ असेल, तर तिथे रेट्रोग्रेड म्हणजे मूळ ओळच ट्रायटोनवर सरकवलेली. त्यामुळे वेगळी रूपं २४च निघतात. तेवढीच निघाली तर घाबरू नका.