आधी चित्र लहान करा, मग बोलू

मागच्या अंकात खिशात मावणाऱ्या प्रोजेक्टरबद्दल मी ओझरतं काही लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. त्यात तक्रारीच जास्त. मी बावीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो. झेनॉनचा दिवा भडकला की केबिनची भट्टी व्हायची. आता घरी बसून लोकांचे मुठीएवढे प्रोजेक्टर उघडून साफ करून देतो. तेव्हा दोन्ही टोकं पाहिलेला माणूस म्हणून उत्तरं देतो.

खोक्यावर ९००० लुमेन लिहिलेला छोटा प्रोजेक्टर घेतला. पडदे ओढले तरी दिवसा ८० इंचांच्या चित्रात चेहरेसुद्धा ओळखू येत नाहीत. यंत्र सदोष आहे का?

यंत्र ठीक आहे, खोकं खोटं बोलतंय. लुमेन हे उजेडाचं माप, पण नुसतं ‘लुमेन’ लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. ‘एएनएसआय लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’, म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीनं मोजलेले लुमेन, असं लिहिलंय का ते बघा. एएनएसआयच्या पद्धतीत पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग पाडतात, प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजतात आणि सरासरीला क्षेत्रफळानं गुणतात. तळहातावर मावणाऱ्या यंत्रांचा असा मोजलेला आकडा बहुतेकदा काही दहा ते दोन-तीनशेच्या घरात असतो. हजारांची भाषा दिव्याची असेल, नाहीतर जाहिरातवाल्याची. भिंतीवर पोचलेल्या उजेडाची ती नव्हे.

आता हिशेब करू. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ८० इंचांचं, टीव्हीसारखं रुंद चित्र म्हणजे साधारण पावणेदोन चौरस मीटर. १०० लुमेन त्यावर पसरले की वाट्याला सत्तावन्नएक लक्स येतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन). दिवे लावलेल्या खोलीत भिंतीवर शंभरएक लक्स असेच पडलेले असतात. काळा रंग प्रोजेक्टरला फेकता येतच नाही. तो त्या जागी उजेड टाकायचं थांबवतो, एवढंच. मग तिथं उरते ती भिंत, आणि भिंत उजळलेली असेल तर तुमचा काळा रंगही तेवढाच उजळ. चेहरे गेले ते तिथं.

तेच चित्र ४० इंचांवर आणा. क्षेत्रफळ चौथाई होतं, उजेड चौपट. थिएटरच्या पडद्याला ४८ निट उजेड हा आमचा दंडक असायचा; निट म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडे परत येणाऱ्या उजेडाचं माप. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी दीडशे लक्स लागतात, म्हणजे १०० लुमेनचं यंत्र अंधारात ५० इंचांपर्यंत थिएटरशी बरोबरी करतं. ही काही लहान गोष्ट नाही! पण माणसाला हाव सुटते आणि तो यंत्र मागे मागे सरकवत जातो.

मीही सरकवलं होतं. पुतणीच्या वाढदिवसाला गच्चीवर चादर टांगली, सूर्य नुकताच मावळला होता, सगळे येऊन बसले. चादरीवर काही म्हणजे काही दिसेना. बावीस वर्षं सिनेमे दाखवलेला मी लेन्सचं झाकण राहिलंय का ते चाचपत बसलो. नीट अंधार पडल्यावर चित्र उमटलं, तर चादरीच्या मागे खेळणारी पोरं ओरडली, “इकडूनपण दिसतंय, अक्षरं उलटी आहेत!” पातळ चादरीतून बराच उजेड आरपार जात होता. मग चादर दुहेरी घडी करून बांधली, यंत्र दहा फुटांवरून पाच फुटांवर आणलं, आणि पुढचा सिनेमा शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.

‘फुल एचडी’ लिहिलंय, पण सबटायटलची अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. फोकस कितीही फिरवला तरी तेच.

‘फुल एचडी सपोर्ट’ लिहिलं असेल. त्याचा अर्थ एवढाच, की फुल एचडी फाइल दिली तर यंत्र ती नाकारणार नाही. ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’, म्हणजे यंत्राचे स्वतःचे ठिपके किती, ते शोधा. पुष्कळ खिशातल्या प्रोजेक्टरांत ते ८५४ × ४८० असतं, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. फुल एचडीला वीस लाखांहून जास्त लागतात. डीएलपी जातीच्या यंत्रात हे ठिपके म्हणजे नखाहून लहान चिपवरचे खरेखुरे आरसे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा कलतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली लावलेला हा शोध मला अजूनही जादूच वाटतो. पण आरसे चार लाखच असतील तर अक्षरं वीस लाखांची कुठून येणार?

दुसरा संशयित म्हणजे कीस्टोन. यंत्र खाली ठेवून नाक वर केलं की चित्र वरून रुंद होतं आणि यंत्र ते आपोआप चौकोनी करतं. हे चौकोनी करणं म्हणजे कडेचे ठिपके बंद करून चित्र आत दाबणं. आधीच कमी असलेल्यातून अजून वजाबाकी. पुस्तकांची चळत लावून यंत्र भिंतीला काटकोनात ठेवा आणि कीस्टोन शून्यावर आणा. फोकसही चालू केल्या केल्या पक्का करू नका. दहा-पंधरा मिनिटांत आतलं सगळं तापतं आणि फोकस थोडा सरकतो.

मी गावोगाव जाऊन महिला गटांना प्रशिक्षण देते. एका वेळी पंधरा-वीस जणी असतात, विजेचा भरवसा नसतो. असलं यंत्र चालेल का?

ताई, हे यंत्र तुमच्यासाठीच आहे. पर्समध्ये मावतं, बटण दाबलं की काही सेकंदांत तयार होतं, बंद केल्यावर थंड व्हायची वाट पाहावी लागत नाही. जुन्या मोठ्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांत संपायचा. इथल्या एलईडीचं आयुष्य वीस-तीस हजार तास सांगतात, आणि तोवर बॅटरीच आधी म्हातारी होते. तळाला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू बसतो, तेव्हा टेबल शोधत फिरायला नको.

बॅटरी मात्र नीट समजून घ्या. ‘अडीच तास’ लिहिलेले असतात ते बहुधा मंद उजेडावर. पूर्ण उजेडावर तास-दीड तास धरा. पॉवर बँक घेताना वॉट बघा. दहा वॉटच्या साध्या पॉवर बँकेवर यातली बरीचशी यंत्रं चालतच नाहीत, काहींना टाइप-सी पीडीचे (जास्त वॉट देणाऱ्या ‘पॉवर डिलिव्हरी’चे) ४५ किंवा ६५ वॉट लागतात. घरीच लावून अख्खा तास चालवून पाहा. माझ्याकडे एकीनं ‘बिघडलेला’ म्हणून आणलेला प्रोजेक्टर फक्त उपाशी होता.

आवाज मागच्या रांगेला पोचणार नाही. वेगळा स्पीकर न्या आणि तो तारेनं जोडा, कारण ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आणि स्लाइडवर पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

वडील अंथरुणाला खिळून आहेत. छतावर सिनेमा दाखवता येईल का?

जरूर. टीव्हीला हे कधी जमणार नाही. यंत्रापासून छत दोन मीटरवर असेल आणि थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर चित्र साधारण ७५ इंचांचं पडतं. रात्री खोली काळोखी करता आली तर एवढं चालून जाईल. यंत्र उशाशी स्टुलावर, बॉल-हेडच्या, म्हणजे हव्या त्या दिशेला कलणाऱ्या डोक्याच्या, ट्रायपॉडवर वर तोंड करून लावा. चित्र उलटं आलं तर सेटिंगमध्ये शिरू नका, ट्रायपॉडच फिरवा.

गादीवर मात्र कधीच ठेवू नका. एकदा असंच एक यंत्र वारंवार बंद पडतंय म्हणून माझ्याकडे आलं. उघडलं तर पंख्याच्या जाळीवर गोधडीच्या धाग्यांचं नमद्यासारखं जाड बूच बसलेलं. चिमट्यानं ओढलं तर एका तुकड्यात निघालं. हवा कोंडली की ही यंत्रं तापून स्वतःला बंद करतात. कूस बदलताना वडिलांचे डोळे लेन्ससमोर येणार नाहीत, एवढं बघा. पंख्याची घरघर कानाशी होईल, तिची सवय होते.

मोबाइलवरचा सिनेमा टाकला की आवाज येतो, चित्र काळं.

कॉपी-संरक्षण. काही ॲप स्क्रीन मिररिंगवर (मोबाइलचा पडदा जसाच्या तसा दुसरीकडे दाखवताना) चित्र पाठवतच नाहीत. यंत्रात तेच ॲप अधिकृतपणे असेल तर ते वापरा, नाहीतर लॅपटॉप एचडीएमआयनं जोडून पाहा. यंत्राला दोष देऊ नका.

प्रोजेक्टर मोबाइलमध्येच का बसवत नाहीत?

बसवून झालंय. निकॉननं २००९ साली कॅमेऱ्यात बसवला, सॅमसंगनं २०१२ साली गॅलेक्सी बीम या फोनमध्ये. फोनवाल्याचा उजेड होता १५ लुमेन. अंधाऱ्या खोलीत वहीएवढ्या चित्राला तो पुरतो. पण तेवढ्यासाठी फोन जाड झाला, आणि त्याच बॅटरीवर फोनही चालवायचा. कुणाच्या कपाटात तो पडून असेल तर दाखवायला घेऊन या, मला तो आतून बघायचाय.