'एका जनार्दनी' मधला 'एका' म्हणजे कोण?

अभंगाच्या शेवटी येणारा हा 'एका' म्हणजे स्वतः संत एकनाथ, आणि जनार्दन म्हणजे त्यांचे गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी. 'काया ही पंढरी' या अभंगाची शेवटची ओळ पाहा: 'एका जनार्दनी वारी करी'. वारी करणारा कोण? एका. म्हणजे हे विशेषनामच आहे. नामदेवांचा नामा, तुकारामांचा तुका, जनाबाईंची जनी, तसाच हा एका. देवापुढे उभं राहताना पूर्ण नावाचा मान बाजूला ठेवून घरातल्या लेकरासारखं नाव घ्यायचं, ही वारकरी संतांची रीत. त्यात कमीपणा नाही, जवळीक आहे. नाथांनी मात्र एक पाऊल पुढे टाकलं. स्वतःच्या नावाला गुरूचं नाव असं जोडलं की दोन्ही एका दमात उच्चारली जातात, आणि मला ही नाममुद्रा म्हणूनच सर्वांत हृद्य वाटते. 'जनार्दनाशी एकरूप झालेला' असा अर्थही कीर्तनात सांगतात. तो सुंदर आहे, पण श्लेषाने निघणारा. आधी नाव, मग तो भाव, या क्रमाने वाचावं.